गारवा महाराजांची पुडी

बायकांच्या वॉर्डात त्या सकाळी टाळ्या वाजल्या. सात नंबरच्या शिंपीणबाईंची जळजळ थांबली होती, वर लघवी केशरी झाली होती. बाटली खिडकीशी धरून नातेवाईक एकमेकांना दाखवत होते.

"आतली आग बाहेर पडतेय!" वॉर्डात पुड्या वाटणारे गारवा महाराज म्हणाले. "रंग बघा की!"

लघवीच्या जळजळीला आपण 'उन्हाळी लागली' म्हणतो, तिथंच या माणसाचं फावलं. उन्हाळी म्हणजे उष्णता, उष्णतेवर उतारा गारवा, आणि गारवा यांच्या पुडीत! लघवीच्या नळीवाटे आत शिरलेले जंतू कुणाच्या खिजगणतीत नव्हते.

मी त्याच इस्पितळात लघवी तपासते. शिंपीणबाई माझी सख्खी मावशी. डॉक्टरीणबाईंच्या गोळ्या तिनं उशीखाली सारल्या होत्या.

"अगं, बरं वाटलं की पुडी बंद करायची," ती मलाच समजावू लागली. "उरलेली शेजारणीला द्यायची. गारवा वाटला की वाढतो, म्हणालेत महाराज."

वाढला खरा. पंधरा दिवसांत मावशीसकट पाच जणी हुडहुडी भरून तापल्या. "बघा, गारवा भिनला!" महाराज म्हणाले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

एक पुडी मी उचलली, तपासली आणि जंतू वाढवायच्या दोन काचेच्या बशा घेऊन वॉर्डात गेले. पहिलीत औषध कधीच न पाहिलेले जंतू होते. मधोमध ठेवलेल्या पुडीच्या भुकटीभोवती स्वच्छ गोल पडला होता, म्हणजे तिथले जंतू मेले होते.

"पाहिलीत शक्ती?" महाराज ओरडले. पुन्हा टाळ्या.

डॉक्टरीणबाईंनी महाराजांची पिशवी खाटेवर उलटी केली. गोळ्यांची रिकामी पाकिटं पडली.

"ही शक्ती!" मी म्हणाले. "एक गोळी जळजळ दाबते, तिनंच लघवी केशरी होते. दुसरी जंतू मारणारी, पण पुडीत नुसती चिमूटभर. तेवढ्यानं दुबळे जंतू मरतात, अनेक औषधांना दाद न देणारे चिवट उरतात आणि त्यांचीच पिलावळ वाढते. आता ही दुसरी बशी बघा."

त्या बशीत जंतू पुडीला खेटून वाढले होते. शेजारी इस्पितळातली सगळी औषधं ठेवली होती. एकाभोवतीही गोल नव्हता.

"ही कुणाची गं?" मावशीनं विचारलं.

"तुझी."

महाराज तोवर दाराशी पोचले होते. मावशीनं माझा हात धरला.

"अगं, त्यांना थांबव. एक पुडी मागून घे. फार आग होतेय गं."

तिसऱ्या दिवशी ती गेली. जंतू रक्तात पसरले होते. तिची श्रद्धा कमी पडली, असं महाराज आता पुढच्या गल्लीत सांगतात.

बायांनो, जळजळ झाली तर लघवी तपासून घ्या. डॉक्टर देतील तेच औषध, सांगतील तितके दिवस घ्या, आणि उरलंसुरलं कुणाला देऊ नका. मावशीनं तिची पुडी मायेनं आठ नंबरच्या पोरीला दिली होती. आज त्या पोरीची बशी मी उघडली. तिच्यातही एकही गोल नाही.