स्वयंपाकघरातून सभेला

मित्रांनो, माझ्या काचेवरचे तेलाचे डाग पाहून नाक मुरडू नका. मी टिल्मन स्टोअर्स या स्वस्त मालाच्या दुकानांच्या कंपनीचे जुने शेअर सर्टिफिकेट आहे. माझा जन्म गेला तो केंटकीतल्या एका स्वयंपाकघरात, शेगडीशेजारी.

हिरवी वेलबुट्टी आणि सोनेरी शिक्का मिरवत मी छापखान्यातून निघाले, तेव्हा केवढा तोरा होता माझा! कंपनीच्या पहिल्या दुकानात गल्ला सांभाळणाऱ्या ओपलने पगारातून साठवून मला घेतले आणि चौकटीत बसवून भिंतीवर टांगले. तिचा नवरा हर्शेल याने मात्र त्याच कंपनीचा कर्जरोखा घेतला. दर सहा महिन्यांनी तो कात्रीने एक कूपन कापी आणि व्याज घेऊन येई.

"माझा कागद कमावतो, तुझा नुसता लोंबकळतो," तो चिडवी.

"लोंबकळू दे. मालकीचा आहे तो," ओपल म्हणे.

मग एका उन्हाळ्यात संचालकांनी ओपलचेच दुकान बंद करायचे काढले. पण भागधारकांना विचारल्याशिवाय पहिले दुकान बंद करायचे नाही, असा संस्थापकांचा नियम होता. ओपलला दोन रात्री झोप नव्हती.

सभा नेहमीसारखी दुकानामागच्या गोदामात, तळलेली कोंबडी आणि कलिंगडासह. कागद दाखवला नाही तर मत धरत नाहीत, असा गावभर समज. त्यामुळे सगळ्यांनी आम्हाला भिंतीवरून उतरवून आणले! गोदामात शिरले आणि माझी सगळी भावंडे पाहून माझा आनंद गगनात मावेना. न्हाव्याच्या दुकानातल्या भावाच्या काचेत तर केस अडकले होते.

दारातला कारकून हसला. "ओपलकाकू, एवढं ओझं कशाला? नाव आहे की आमच्याकडे."

"मग माझंही मत धर," हर्शेलने रोखा पुढे केला.

"काका, तुम्ही कंपनीला पैसे उसने दिलेत. मत मालकांचं असतं."

हर्शेलचा चेहरा पडला.

"दुकान राहावं असं वाटणाऱ्यांनी हात वर करा," अध्यक्ष म्हणाले. हात मोकळे होते कुणाचे? चौकटीच वर गेल्या! ओपलने मला डोक्यावर उंच धरले. कारकुनांनी कुणाचे किती शेअर ते जुळवले. अध्यक्षांनी सांगितले, दुकान राहील.

मित्रांनो, आम्हाला हौसेने टांगा, पण सभेच्या दिवशी विसरू नका.

परतताना हर्शेलने मला मांडीवर धरले होते. घरी येऊन त्याने मला जागेवर लावले आणि विचारले, "ओपल, मीही एक शेअर घेतो म्हणतो. शेजारी अजून एक खिळा ठोकू का गं?"