सत्तेचाळीस नंबरची निवड

मित्रांनो, मी एक जुनी जर्सी आहे. नंबर सत्तेचाळीस. गेली एकवीस वर्षं दर सप्टेंबरात माझी निवड चाचणी होते, आणि मी अजून कुठल्याही संघात नाही.

माझा जन्म कॅनडातल्या विनिपेगच्या एका कारखान्यात झाला. तिथून आम्ही साठ जणी एका खोक्यात कोंबून टोपोल्या गावी आलो. खऱ्या सामन्यांत मिरवणाऱ्या जर्सीला खांद्यावर पट्टे असतात, छातीवर संघाचं चिन्ह असतं. आमची छाती कोरी. पाठीवर नंबर आणि त्याखाली एका बियाण्यांच्या दुकानाची जाहिरात. ते दुकान बंद पडून चौदा वर्षं झाली. जाहिरात अजून चालू आहे.

टोपोल्यात मूल चालायला लागलं की त्याच्या पायाला स्केट्स बांधतात, आणि ते अकरा-बारा वर्षांचं झालं की त्याची परीक्षा घेतात. दोन गोलरक्षक वेगळे निवडायचे, आणि बाकीच्यांतून पंधरा. हे पंधरा जण हिवाळाभर गावोगाव जाऊन आईस हॉकी खेळतात. चाचणी दोन दिवसांची. शनिवारी पळणं, वळणं, थांबणं. रविवारी आपसांत सामना. वर काचेच्या खोलीत तीन परीक्षक बसतात आणि दहापैकी मार्क देतात. मुलांची नावं त्यांना सांगत नाहीत. फक्त आमचे नंबर.

ही पद्धत ओरेस्ट हॅवरिलुक यांनी आणली. ओरेस्ट हे मुख्य परीक्षक. पूर्वी शाळेत व्यायाम शिकवायचे. "चेहऱ्याला आईबाप असतात," ते म्हणत, "नंबराला कोणी नसतं." वाक्य चांगलं आहे. पण नऊशे वस्तीच्या गावात ते खरं व्हायला अडचण होती. शिरस्त्राण आणि तोंडावर जाळी घातलेलं पोर बर्फावर उतरलं की पहिल्याच वळणाला वर कोणीतरी म्हणे, "हा तर दंतवैद्याचा धाकटा!" तिथून पुढे नंबर हा निव्वळ शिष्टाचार उरे.

एकवीस वर्षांत मला सगळे शेरे मिळाले. 'उपजत.' 'आळशी.' 'उपजत, पण आळशी.' एकदा एकाच सकाळी, एकाच पोराबद्दल, तिघांनी मला 'निडर', 'भित्रा' आणि 'बरा' असे तीन शेरे दिले. सुरुवातीला मी मनाला लावून घेत असे. मग सवय झाली. मार्क मला मिळतात आणि रडतं आतलं पोर. नाक पुसायला त्याला माझीच बाही सापडते. मग मार्लीन आम्हाला धुते. मार्लीन रिंकचं, म्हणजे बर्फाच्या मैदानाचं, कँटीन चालवते, आमची नोंदवही ठेवते, आणि कोणी विचारलं नाही तरी मत देते.

गेल्या वर्षीची गोष्ट सांगते, कारण त्या वर्षी मी पहिल्यांदाच दुःखाशिवाय दुसऱ्या कशाच्या तरी आसवांनी ओली झाले.

लेसा बोयचुक बारा वर्षांची होती. तिची ही दुसरी चाचणी. आदल्या वर्षी ती वगळली गेली होती, तेव्हा उरलेल्या मुलांचा निदान दुसरा संघ होता. आता गावात चाचणीला चोवीसच मुलं उरली, म्हणून दुसरा संघ बंद झाला. जवळचा संघ सत्तर किलोमीटरवर. लेसाची आई वृद्धाश्रमात पाळीवर काम करायची आणि त्यांची गाडी मूड असेल तेव्हा चालायची. म्हणजे यादीत नंबर लागला तर हॉकी. नाही तर स्केट्स धाकट्या चुलतभावाला. आईने तसं तिला सांगूनही ठेवलं होतं.

शनिवारी लेसाच्या अंगात बारा नंबरची जर्सी होती. मी होते कोल्टन वीबच्या अंगात. कोल्टनचा थोरला भाऊ रायली मोठ्या संघात गेलेला, त्याचा फोटो कँटीनच्या भिंतीवर.

"सत्तेचाळीस म्हणजे रायलीचा भाऊ," वरच्या खोलीत कोणीतरी म्हणालं. "खांदे बघ ना."

ओरेस्टनी नऊ लिहिले. उरलेल्या दोघांनी ओरेस्टच्या कागदाकडे बघून नऊ लिहिले. बारा नंबरला चार मिळाले. शेरा होता, 'बारीक. वारा सुटला तर जाईल.'

रविवारी सकाळी कोल्टनचे वडील, गॅरी वीब, कँटीनवर आले.

"मार्लीन, आज पोराला बारा नंबर दे. रायलीचा नंबर होता तो. वरच्यांना जरा आठवण राहते."

"बारा लेसाकडे आहे."

"मग बदल की. जर्सीच तर आहे."

मी काउंटरवरच घडी होऊन पडले होते.

मार्लीनने लेसाला विचारलं. लेसा स्केट्सच्या नाड्या आवळत होती. मान वर न करता म्हणाली, "खुशाल घ्या, मार्लीनमावशी. बाराबरोबर कालचे मार्कपण घेऊन जा म्हणावं."

मार्लीनने नोंदवहीत बदल केला आणि पायरोगीची, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्यांची, ताटली घेऊन वर गेली. ओरेस्टचं तोंड लगेच भरलं.

"ओरेस्ट, बारा आणि सत्तेचाळीस बदललेत. लिहून घे."

"हूं."

"हूं म्हणजे?"

"हूं म्हणजे हो, बाई. तळलेला कांदा एवढाच?"

मार्लीन कांदा आणायला गेली. लिहिलं कोणीच नाही.

सामना सुरू झाला. लेसाच्या अंगात ताकद बेताचीच. पण रबरी चकती कुठे येणार हे तिला आधी कळे, आणि ती तिथे जाऊन उभी राही, बस येणार हे माहीत असलेल्या माणसासारखी निवांत. मला आतून तिचं काळीज ऐकू येत होतं. ते मात्र अजिबात निवांत नव्हतं. दोनदा तिने मागे न बघता मागच्याला चकती दिली आणि दोन्हींचे गोल झाले.

"रक्तातच असतं हे," वर ओरेस्ट म्हणाले. पुन्हा नऊ. उरलेल्या दोघांचेही नऊ.

बारा नंबर घालून कोल्टनही जिवाच्या आकांताने पळाला. एक गोल केला. त्याला चार. 'गोल काय, कुणाकडूनही होतो.'

दुपारी तीनला यादी दारावर लागली. नुसते पंधरा नंबर. त्यात सत्तेचाळीस होता, बारा नव्हता. लेसाने यादीवरून बोट फिरवलं, मान वळवून माझा नंबर पाहायचा प्रयत्न केला, मग पुन्हा बोट फिरवलं. मला अंगातून काढून छातीशी धरलं आणि माझ्यात तोंड खुपसलं.

तोवर गॅरी जिना चढून वर पोचले होते.

"बारा का नाही यादीत?"

"बाराच्या हातात जोर नाही," ओरेस्ट म्हणाले. "दोन्ही दिवस चारच."

"बारा माझा कोल्टन आहे!"

"कोल्टन सत्तेचाळीस."

"तो काल. आज बारा."

ओरेस्टनी मार्लीनकडे पाहिलं. मार्लीन रिकामी ताटली घेऊन दारात उभी होती. "कांदा आणायच्या आधी सांगितलं होतं," ती म्हणाली.

गॅरींनी टेबलावरचा कागद उचलला आणि सत्तेचाळीसचा रविवारचा शेरा मोठ्याने वाचला. "'भावासारखी नजर. घराण्याचा खेळ.' कुठलं घराणं हो, ओरेस्ट? लेसाचे वडील रस्त्यावरचा बर्फ सारायचा ट्रॅक्टर चालवायचे!"

"स्केट्स एकदाच घातले त्यांनी," मार्लीन म्हणाली. "त्यांना दोघांनी धरून गोठलेल्या नदीबाहेर आणलं होतं."

मग मार्कांची नव्याने बेरीज झाली. कोल्टनचे शनिवारचे नऊ, रविवारचे चार. लेसाचे शनिवारचे चार, रविवारचे नऊ. दोघांचे तेरा. जागा एक. तीन परीक्षकांनी दोन दिवस बारकाईने दोन जर्सींचं मूल्यमापन केलं होतं, आणि त्यात काडीचीही चूक नव्हती.

ओरेस्टनी कागद उलटा करून ठेवला. मग म्हणाले, "उद्या शाळा सुटल्यावर दोघांना आणा. जर्सी उलट्या घालून."

सोमवारी मी आयुष्यात पहिल्यांदा उलटी झाले. नंबर आत, शिवण बाहेर. दोन्ही मुलांना एकसारखी काळी शिरस्त्राणं दिली. उंची सारखीच. ओरेस्ट वर न जाता खाली कठड्याशी उभे राहिले. वीस मिनिटं पाहत होते. कागद कोरा.

"मार्क?" मार्लीनने विचारलं.

"कोणाला देऊ?"

"डावीकडचं, उजवीकडचं. एवढं तर येईल ना लिहिता?"

"एकाचे पाय चांगले, एकाचं डोकं चांगलं," ओरेस्ट म्हणाले. "बारा वर्षांची पोरं आहेत, मार्लीन. पुढच्या वर्षी उलटंही होईल. मला खरंच कळत नाही गं." हे वाक्य त्या रिंकमध्ये परीक्षकाच्या तोंडून मी तोवर ऐकलं नव्हतं. "दोघांनाही घे."

"पंधराच घेतात."

"का?"

मार्लीन कँटीनमागच्या कपाटातून रिंकच्या समितीची जुनी वही घेऊन आली आणि तिथेच कठड्यावर ठेवून पानं उलटू लागली. सापडलं. 'बसमध्ये पंधरा खेळाडू, दोन गोलरक्षक, प्रशिक्षक आणि सामान एवढंच मावतं. सबब संघ पंधरांचा.' खेळाच्या नियमात याहून जास्त मुलं चालतात. चालत नव्हती ती बसमध्ये. आणि ती बस विकून दहा वर्षं झाली होती. मुलं आता आपापल्या घरच्या गाड्यांनी जातात.

मार्लीनने मुलांना कठड्याशी बोलावून सांगितलं की दोघंही संघात आहेत.

"मग मी कितवी?" लेसाने जाळी वर करत विचारलं.

"सोळावी."

"आणि कोल्टन?"

"तोही सोळावा."

"मग पंधरावं कोण?"

"जा, आईला फोन कर आधी!" मार्लीन तिच्यावर खेकसली आणि पाठ करून उगाचच वही पुसत राहिली.

मुलं गेल्यावर ओरेस्ट कपडे बदलायच्या खोलीत बाकावर बसले. मी शेजारी, ओली. त्यांनी मार्लीनला गेल्या दहा वर्षांच्या नोंदी काढायला लावल्या आणि प्रत्येक वर्षी सोळावं कोण आलं होतं ते वाचायला सांगितलं. नंबर नको, नावं वाच म्हणाले.

मार्लीनने वाचलं. दानिलो, आता दुधाचा टँकर चालवतो. रिंकवरून जाताना हॉर्न वाजवतो, आत कधी येत नाही. पीटर्सांची जुळी, त्यातला एकच घेतला होता; दुसऱ्याने त्याच आठवड्यात स्केट्स विकले. मार्गो, जी 'पाय जड' म्हणून वगळली गेली. मीच होते तिच्या अंगात, आणि जड होते ते थोरल्या बहिणीचे स्केट्स, दोन मापं मोठे. असं करत शेवटचं नाव आलं. आदल्या वर्षीची सोळावी, लेसा बोयचुक.

"तिला तरी आता जागा मिळाली," ओरेस्ट म्हणाले. "बाकीच्या नऊ जणांना काय सांगू मी?"

मार्लीनने वही मिटली. "बस विकली म्हणून सांग."

मित्रांनो, माझी शिवण आता उसवत चालली आहे आणि मला उपदेशाची फार हौस नाही. मला गार पाण्यात धुवा, सावलीत वाळवा, एवढं पुरे. पण एखाद्या मुलाला 'तुझ्यासाठी जागा नाही' असं सांगायची पाळी तुमच्यावर आली, तर आधी जागा मोजून बघा. आणि सांगायचंच असेल तर दारावर कागद चिकटवू नका. त्याला नावाने हाक मारा, समोर बसवा, आणि ते रडायला लागलं तर रुमाल द्या. माझी बाही आता पुरत नाही.