खिडकीतला डाग

जुने व्हिडिओ गेम नव्याने बांधणाऱ्या आम्हा चाहत्यांचा दंडक एकच: खेळणाऱ्याची सोय वाढवा, पण मूळ गेममधलं काही काढू नका. चूकसुद्धा नाही. मी तो मोडला, आणि दादासाठी मोडला.

अर्धांगवायूने त्याचा उजवा हात गेला होता, बोटं आत वळलेली. लहानपणी आम्हा दोघांकडून कधीच न संपलेला एक गेम त्याला आता शेवटपर्यंत खेळायचा होता. ओसाड दवाखाना, खोलीमागून खोली, आणि प्रत्येक खोलीत पळणारं घड्याळ. वेळ संपली की पुन्हा पहिल्यापासून. डाव्या हाताने त्याची पहिल्याच खोलीत विकेट पडायची. "राहू दे चिंगे, आपल्याला नाही जमायचं," तो म्हणाला आणि माझं डोकंच फिरलं. नाही जमायचं म्हणजे काय! गटातल्या कुणालाही न विचारता मी घड्याळ काढून टाकलं.

रविवारी दुपारी तो बसला. आधी टेबलावर दोनदा टकटक, ही त्याची जुनी खोड. मी शेजारी कपड्यांच्या घड्या घालत होते. मजल दरमजल करत स्वारी शेवटच्या खोलीत पोचली. तिथे खिडकी, आणि काचेवर काळा डाग. चित्रकाराचा आळस, असं आम्ही सगळे म्हणायचो.

"चिंगे, डाग मोठा झाला का गं?"

"चष्मा पूस आधी."

पण झाला होता. डाग कसला, माणूस होता तो. लांबून चालत येत होता. इतकी वर्षं घड्याळामुळे त्याला पोचायला वेळच मिळाला नव्हता.

"दादा, बंद कर."

"थांब गं, आत्ता कुठे जमतंय!"

त्याचा उजवा हात बटणांवर होता. बोटं सरळ. मी वायर उपटायला हवी होती, पण तो हात बघून मी वेडी हरखले. तेवढ्यात माणूस खिडकीतून आत आला. पडद्यावरच्या छोट्या दादाच्या खांद्यावर त्याने हात ठेवला. क्षणभर अंधार झाला. मग तो पुन्हा खिडकीपलीकडे दिसला, उजव्या हाताची बोटं आत वळलेली.

दादा उठला. उजव्या हाताने तांब्या उचलून घटाघटा पाणी प्यायला. मी रडत त्याला मिठी मारली.

"छान केलंत, ताई," तो म्हणाला.

मी त्याची धाकटी बहीण. जन्मात त्याने मला ताई म्हटलं नव्हतं.

"आता ते घड्याळ परत लावा," तो गोड हसला. "काढायला नको होतं."

पडद्यावर खिडकीतल्याने डाव्या हाताने काचेवर दोनदा टकटक केली. घड्याळ लावलं की त्याला इथवर चालत यायला वेळ मिळणार नव्हता. कधीच नाही. मला राग असा आला की विचारू नका. मी दाराला कडी घातली आणि खुर्ची पुढे ओढली.

"बसा. अजून एक डाव."

"मला नाही खेळता येत." हसू मावळलं होतं.

"खेळायचंय कुणाला? घड्याळ नाहीये आता. नुसतं बसायचं."

खांदे दाबून मी त्याला बसवलं, आणि खिडकीकडे बघत म्हणाले, "ये रे दादा. सावकाश ये."