पाववाल्या काकांचं बोट

मित्रांनो, मी एक जुना ग्लुकोमीटर आहे. रक्तातली साखर मोजणारा, तळहातात मावणारा. कोपरे झिजलेत, काचेवर ओरखडे पडलेत. लोक मला घाबरतात, आणि मी मात्र लाजेनं खणात तोंड लपवून बसतो. का, ते ऐका.

कारखान्यात माझ्या कितीतरी परीक्षा झाल्या आणि सगळ्यांत मी पास झालो. तोरा काय विचारता! पुढे मला काकूंनी विकत घेतलं. त्यांच्या नवऱ्याला, पाववाल्या काकांना, नुकताच मधुमेह निघाला होता. "आता हा सांगेल तेच खरं," काकू म्हणाल्या. मी नुसता फुगलो.

काकांची बेकरी होती. पहाटे भट्टी पेटवायची, पाव काढायचे, गोड बनवर चाळणीनं पिठीसाखर भुरभुरायची. तपासणी उपाशीपोटी करायची, म्हणून मला बेकरीतच ठेवलं होतं. बनचा ट्रे फळीवर गेला की काका एप्रनला हात पुसायचे, बोटाला सुई टोचायचे आणि रक्ताचा थेंब माझ्या पट्टीला लावायचे.

आणि काय पथ्य पाळलं हो त्या माणसानं! चहा बिनसाखरेचा. संध्याकाळी चालणं. क्रीम घोटायचे, पण चव बघायला भट्टीवाल्याला हाक मारायचे. पँट कमरेत सैल झाली, तरी माझा आकडा खाली यायचं नाव घेईना.

काकू रोज विचारायच्या आणि गिऱ्हाइकांदेखत तोफ डागायच्या. "चोरून खाता ना?"

"अगं, नाही गं."

"मग हा काय खोटं बोलतो?"

काका मान खाली घालून पाव बांधत राहायचे. हळूहळू ते गोळी घेऊन उपाशीच झोपू लागले. एकदा तर भट्टीच्या तोंडाशी गरगरलं. भिंत धरली म्हणून वाचले. डॉक्टरीणबाईंनीही आकडे पाहून इंजेक्शनं सुरू करायचं ठरवलं. त्या दिवशी काकू रडायलाच लागल्या.

काका हळूच म्हणाले, "रडू नकोस. खातो मी चोरून. चुकलं माझं."

मित्रांनो, मी रोज त्यांच्या शेजारी असायचो. त्यांच्या तोंडात साखरेचा कणही गेला नव्हता! माझ्यामुळे एक खरा माणूस खोटा गुन्हा कबूल करत होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण मला आकड्याशिवाय बोलता येतं कुठे?

दुसऱ्या दिवशी काकू पहाऱ्याला बेकरीत हजर. उगाच कशाला बसायचं, म्हणून त्याही बनवर साखर भुरभुरू लागल्या. काकांनी बोट टोचलं. आकडा भलामोठा!

"आत्ता तर काही खाल्लं नाहीत तुम्ही," काकू चक्रावल्या. "थांबा, माझी बघू." त्यांनी नवी सुई लावली. त्यांचाही आकडा तस्साच!

"अगंबाई! गेल्याच आठवड्यात दवाखान्यात सगळं ठीक होतं की माझं!"

काकू स्वतःच्या बोटांकडे बघत राहिल्या. नखांच्या कडेला पांढरी पूड होती. काकांच्या एप्रनवर तर पिठीसाखरेचा थरच होता. त्यांनी काकांना मोरीपाशी ओढत नेलं, दोघांचे हात साबणानं धुतले, स्वच्छ कोरडे केले. पुन्हा थेंब लावले. काकूंचा आकडा ठीक. आणि काकांचा? डॉक्टरीणबाईंना हवा होता, अगदी तेवढा! इतके दिवस मी बोटावरची पिठीसाखरच मोजत होतो.

काकूंना आनंद झाला, पण तो चेहऱ्यावर टिकला नाही. "मग काल खातो म्हणालात ते?"

"तुझं रडणं थांबेना," काका म्हणाले. "आणि माझं म्हणणं ऐकायला होतं कोण?"

काकूंनी त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. त्यांना वर बघवेना. मलाही.

मग दोघांनी मिळून डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. इंजेक्शनं टळली, आणि काका रात्रीचे जेवू लागले. पण "चुकलं माझं" म्हणताना पडलेला त्यांचा चेहरा माझ्या काचेवरून जात नाही. म्हणून मित्रांनो, बोट टोचण्याआधी हात धुवा, पुसा. आणि तरीही आकडा वाईट आला, तर लगेच कुणाला चोर ठरवू नका. आधी त्याचं ऐका. मला विचारता येत नाही, तुम्हाला येतं.