चूक काय झाली?

संस्थेच्या कचेरीत हिशेबनीस शादलियाने चहाचा पेला बाजूला सारला आणि संगणकाचा पडदा नजलाकडे वळवला.

"बघ, पाठवलेलं प्रत्येक पत्र परत. स्फाक्सचा बर्फवाला म्हणतो, तुमचं काही आलंच नाही. आता काय कबुतरं उडवू?"

नजला वडिलांच्या खुर्चीत बसली होती. त्यांना जाऊन पाच दिवस झाले होते. महदियाच्या मासेमार संस्थेचा हा मेल सर्व्हर तिच्या वडिलांनी, तिजानींनी, स्वतः पुस्तकं वाचून उभा केला होता. नजला ट्युनिसला एका मोठ्या मेल कंपनीत होती. कुणाची पत्रं घ्यायची आणि कुणाची नाकारायची, हे तिचा विभाग ठरवत असे. शादलियाला एवढंच ठाऊक होतं, की ती संगणकाचं काहीतरी करते.

"सर्व्हर काळ्या यादीत गेलाय, शादलियाबाई. शेजारच्या पत्त्यावरून कुणीतरी रद्दी पाठवली असणार. मग त्या पत्त्यांची अख्खी रांगच बंद करतात."

"म्हणजे चोरी शेजाऱ्याची आणि कुलूप आमच्या दाराला? वा!"

शादलियाने कपाटातून एक फाइल काढली.

"यादीतून काढा म्हणून तुझ्या वडिलांनी तीन अर्ज केले. फॉर्मवर विचारतात, चूक काय झाली, ती कशी सुधारली. म्हटलं, खरडा काहीतरी, मोकळे व्हा. तर म्हणे, न केलेली चूक कबूल करणार नाही. हट्टी माणूस!"

तिने फाइल पुढे सरकवली. अर्जांवर संस्थेचं नाव होतं, वडिलांचं नव्हतं. तिन्ही अर्जांना एकच उत्तर: चूक नमूद केल्याशिवाय विचार होणार नाही. ते वाक्य नजलाने दोन वर्षांपूर्वी बसवलं होतं, प्रत्येक अर्ज वाचत बसावा लागू नये म्हणून. तिसऱ्या उत्तराखाली आद्याक्षरं होती. न. ति. तिचीच.

नजलाने कागदावर तळहात ठेवला.

"तिथे तुझ्या ओळखीचं कुणी आहे का गं?"

"नाही," नजला म्हणाली.

"मग कबुलीच लिहूया. आता अडवायला कोण आहे?" शादलियाने चष्मा लावला, फॉर्म उघडला आणि एकेक अक्षर शोधत टंकू लागली. "चूक... आमची..."

"नका लिहू."

"का?"

नजलाने हात उचलला, कागद तिच्यासमोर धरला आणि त्या दोन अक्षरांखाली बोट ठेवलं. तिची मान वर होईना.

शादलियाने चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसत राहिली.

"ही अक्षरं कुणाची, ते त्यांना ठाऊक होतं, पोरी," ती म्हणाली. "म्हणून तर चौथा अर्ज केला नाही."