वाढत्या मापाच्या चपला

बेटावर पाय ठेवला आणि टिटवीच्या बाबाला सर्फिंगचं वेड लागलं. म्हणजे किती, तर सकाळी दात घासायच्या आधी हा बोर्ड काखोटीला मारून किनाऱ्यावर हजर. दिवसभर आपटायचं, नाकातोंडात पाणी घ्यायचं आणि जेवायला आला की डोळे लाल करून सांगायचं, "आज जवळजवळ उभा राहिलो होतो."

"दादा, जवळजवळ म्हणजे गुडघ्यांवर का?" माझी नणंद विचारायची.

"हसतेस काय? ये ना उद्या."

"मला माझे दात प्रिय आहेत."

म्हणून मग सर्फिंग सोडून बेटावर जे काही करता येत होतं, ते सगळं आम्हा तिघींच्या वाट्याला आलं. काचेच्या तळाची होडी झाली. खारफुटीच्या गर्द सावलीतून वल्हवत जाणं झालं. तिथे नणंदेने वल्हं पाण्यात टाकलं आणि ते काढायला मी माझंही टाकलं. तोंडात नळी धरून मासे बघणं झालं. त्यात टिटवी नळीतूनसुद्धा ओरडत होती, आणि मासे जे गेले ते परत आले नाहीत.

टिटवी म्हणजे माझी लेक. चौथं सरत आलेलं. नाव वेगळं आहे, पण जन्मली त्या दिवशी तिचा आवाज ऐकून दवाखान्यातल्या नर्सने विचारलं होतं, "ही टिटवी कोणाची?" तेच चिकटलं. आमच्या घरी तिच्या आवाजाचा कोणाला त्रास होत नाही. आवाज थांबला की मात्र आम्ही हातातलं काम टाकून धावतो.

शेवटी राहिला होता वाळूचा पट्टा. ओहोटीला समुद्र मागे हटला की बेटासमोर पाण्यातून एक पांढरा पट्टा वर येतो, माशाच्या पाठीसारखा. बोट तिथवर नेते. लोक अनवाणी फिरतात, शिंपले वेचतात, फोटो काढतात आणि भरती सुरू व्हायच्या आत परत येतात. हॉटेलातल्या बाई म्हणाल्या, "लहान मुलांना फार आवडतं. पाणी घोट्याएवढं."

त्या दिवशी टिटवी नाश्त्याच्या टेबलावरच पेंगली. मी तिला तशीच कडेवर घेऊन निघाले. धक्क्यावर पोचल्यावर लक्षात आलं, तिच्या चपला टेबलाखालीच राहिल्या.

नावाडी बुटका, रुंद खांद्यांचा, फारसा न बोलणारा. धक्क्यावर एक लांब लाकडी फळी टाकलेली होती. तिच्याकडे बोट दाखवून तो म्हणाला, "चपला इथे काढा. ज्याच्या चपला फळीवर नाहीत, तो बोटीत नाही."

"आणि चोरीला गेल्या तर?" नणंद म्हणाली.

"इथे चोर नाहीत, ताई. समुद्र आहे तेवढा."

आमच्याबरोबर एक वयस्क जोडपं होतं. आजोबांनी निमूटपणे आपले बूट काढून ठेवले, आजींनी सँडल. माझ्या नि नणंदेच्या चपला शेजारी शेजारी. नावाड्याने टिटवीच्या लोंबत्या पायांकडे पाहिलं.

"हिच्या?"

"विसरल्या हो. कडेवरच आहे ती, खाली कुठे उतरलीय?"

"मग नाही जमायचं."

नणंद माझ्या कानात पुटपुटली, "वहिनी, हा बोटीचा नावाडी आहे की शाळेचा हेडमास्तर?" पण तो काही हटेना. मी परत हॉटेलात जायला वळले, तशी त्याने जरा थांबून फळीखाली हात घातला आणि लहान चपलांचा एक जोड काढला. फिकट लाल. एके काळी गर्द असाव्यात. पट्ट्यावर प्लॅस्टिकचं फूल, त्याच्या दोन पाकळ्या गेलेल्या.

"पायात घाला तिच्या. मग काढा आणि ठेवा."

मी घातल्या. आयांना सवय असते, चपला मुलाच्या पायात चढवल्या की टाचेमागे बोट घालून बघायची. आम्ही तिच्या चपला नेहमी वाढत्या मापाच्या घेतो, तरी एकच बोट मावतं. यांत दोन सहज मावली. टिटवीने डोळे किलकिले करून खाली पाहिलं.

"माझ्या नाहीत."

"उसन्या आहेत, बाळा. काढ आता."

तिने काढल्या आणि फळीवर आमच्या चपलांशेजारी नीट लावून ठेवल्या. नावाडी ते बघत होता. मग त्याने दोर सोडला.

पट्ट्यावर उतरताच टिटवीची झोप कुठल्या कुठे पळाली. हॉटेलचा पांढरा टॉवेल डोक्यावरून पदरासारखा घेऊन ती पळत सुटली. ऊन लागतं म्हणून पहिल्या दिवशी मीच तो तिच्या डोक्यावर टाकला होता, तेव्हापासून तो तिचा पोशाखच झाला होता. पलीकडे वाळूचा एक उंचवटा होता. त्याच्या मागे जायची, ओरडायची, पुढे यायची. मध्येच मला सांगून गेली, "आई, आम्ही नंबर लावून खेळतोय. आधी माझा नंबर, मग तिचा."

"तिचा म्हणजे कुणाचा गं?"

"अगं, तिचा!"

या वयात त्यांना असे सवंगडी असतातच. मी हसले आणि शिंपले वेचू लागले.

नावाड्याने शिटी वाजवली तेव्हा पाणी भरतीकडे वळलं होतं. मी उंचवट्याकडे निघाले, तर टॉवेल डोक्यावर ओढून पोरगी स्वतःहूनच येत होती, मान खाली घालून. न सांगता आली याचंच मला कौतुक वाटलं. मी तिला उचललं. तिने माझ्या खांद्यात तोंड खुपसलं आणि गळ्याला घट्ट मिठी मारली.

"मोजली गं सगळी," नणंद बोटीत बसत म्हणाली. "सगळे आहोत. चला, हेडमास्तर!"

परतीच्या वाटेवर ती माझ्या मांडीवर टॉवेलात गुरफटून पडून होती. अंग गार. पाण्यात खेळून पोरं गारठतात, तशी. मी तिचे पाय माझ्या हातांत धरून चोळत राहिले. वाळू झाडली, बोटांमधली वाळू हलकेच काढली, तळव्यांवर फुंकर घातली. हळूहळू ते जरा कोमट झाले.

"टिटवी गप्प?" नणंद म्हणाली. "वहिनी, टिटवी देखील समुद्र आटवी म्हणतात. हिने आटवला वाटतं आज. म्हणून दमली."

"असू दे, वन्सं, तेवढीच शांतता."

मी हे बोलले.

धक्क्यावर आजोबांनी बूट घातले, आजींनी सँडल, आम्ही दोघींनी आपापल्या. लाल चपला फळीवर राहिल्या. उसन्याच होत्या, ज्याच्या त्याला, असा विचार करून मी लेकीला कडेवर घेऊन हॉटेलकडे चालू लागले.

"ताई! चपला राहिल्या!"

"तुमच्याच आहेत ना? ठेवून घ्या की."

नावाडी धावत माझ्यासमोर येऊन उभा राहिला. चपला त्याच्या हातात होत्या. "घालून दाखवा. मग जा."

"अहो, झोपलीय ती!"

"ताई, पाया पडतो. घाला."

एवढा दांडगा माणूस असं बोलल्यावर मला कसंतरीच झालं. मी फळीच्या काठावर बसले, तिला मांडीवर घेतलं आणि एक चप्पल तिच्या पायात चढवली. सवयीने टाचेमागे बोट घातलं.

बोट गेलं नाही.

पुन्हा घालून पाहिलं. टाच चपलेच्या कडेला बरोबर येऊन टेकली होती. अंगठा पुढे, टाच मागे, फूल मधोमध. जणू तिच्याच मापाने घेतलेली.

"सकाळी सैल होती ना?" नावाडी हळूच म्हणाला.

मी टॉवेलला हात घातला, तर त्याने माझं मनगट धरलं. "तोंड बघत बसू नका. पाणी चढतंय. हिला त्या ताईंकडे द्या आणि बोटीत बसा."

नणंदेने हात पुढे केले. मी ती गार मोटली तिच्या हातांत दिली. देताना मिठी सुटेना. एकेक बोट सोडवावं लागलं, आणि खोटं कशाला सांगू, ते करताना माझ्या तोंडून निघालं, "बाळा, आलेच हं मी."

बोट लाटांवर आदळत निघाली.

"पण डोकी बरोबर होती," मी म्हणत होते. "मोजली होती आम्ही. बरोबर होती."

"त्या दिवशीही बरोबर होती."

"कुठल्या दिवशी?"

तो समोर बघत होता. "ज्या पोरीच्या या चपला, ती मागे राहिली त्या दिवशी. तेव्हा मीही डोकीच मोजायचो. तिच्या आईच्या मांडीवर टॉवेल पांघरून कोणीतरी होतं. आई तशीच कडेवर घेऊन हॉटेलात गेली. संध्याकाळी मी धक्का झाडायला आलो, तर चपला इथेच. तोवर पट्टा बुडाला होता." त्याने इंजिनाला आणखी वेग दिला. "डोकी फसवतात, ताई. चपला नाही."

पट्टा उरला नव्हता. उंचवटाही नाही. नुसतं सपाट, चमकणारं पाणी. मी उभी राहिले तर त्याने ओरडून खाली बसवलं. मग त्याने इंजिन बंद केलं. बोट आपोआप पुढे सरकत राहिली आणि त्या शांततेत मला तो आवाज ऐकू आला. कर्कश, चिडलेला, साऱ्या जगाला तुच्छ लेखणारा.

"मागे हो! ए! मागे हो म्हटलं ना!"

कमरेएवढ्या पाण्यात माझी लेक उभी होती आणि समुद्राला बोट दाखवून दम देत होती.

मी उडी टाकली की उतरले, ते आठवत नाही. तिला छातीशी धरलं तेव्हा ती तापलेली होती, उन्हाने आणि रागाने.

"किती वेळ गं आई! मी त्याला केव्हाची थांब थांब म्हणतेय!"

"तू आली का नाहीस बोटीत? शिटी ऐकली नाहीस?"

"तिचा नंबर होता ना," ती म्हणाली. "मी रोज बसते तुझ्या मांडीवर. ती म्हणाली, तिला एकदाच बसायचंय. मी टॉवेल दिला तिला."

नावाडी आमच्याकडे पाठ करून उभा होता. मग त्याने इंजिन सुरू केलं.

धक्क्यावर नणंद फळीच्या काठाशी होती तशीच बसलेली. मांडीवर ओला टॉवेल. नुसता टॉवेल.

"तुमची बोट तिथे थांबलेली दिसली," ती म्हणाली, "आणि मांडीवरची ती हलकी व्हायला लागली, वहिनी. मी घट्ट धरली होती गं, शपथ. पण हातात टॉवेलच राहिला. मग चपलांचा आवाज आला. चटक, चटक, चटक. मागून."

लाल चपला कुठेच नव्हत्या. धक्क्याच्या सुक्या लाकडावर लहान ओले ठसे होते. ते समुद्राकडे गेले नव्हते. वरच्या रस्त्याकडे, घरांच्या दिशेने गेले होते आणि उन्हात कडेने वाळत चालले होते.

"कुठे गेली ती?" नणंदेने विचारलं.

"घरी," टिटवी म्हणाली. "आणि मला भूक लागलीय."

नावाडी गुडघ्यांवर बसून शेवटच्या ठशावर हात ठेवून होता. तो पुसला जाईपर्यंत तिथून उठला नाही.

बाबाला आम्ही एवढंच सांगितलं की टिटवी वाळूवर मागे राहिली होती, पण सापडली. तो आधी ओरडला, मग रडला. दुसऱ्या दिवशी बोर्ड खोलीतच ठेवून दिवसभर लेकीबरोबर वाळूत खड्डे खणत बसला. "आज जवळजवळ पाताळापर्यंत पोचलो होतो," असं त्याने जेवताना सांगितलं. नणंदसुद्धा हसली, पण उशिरा.

त्याला घडलेलं सगळं सांगायचं बऱ्याचदा ठरवते. मग त्या पायांची आठवण होते. मी चोळून चोळून कोमट केलेले पाय. ते माझ्या लेकीचे नव्हते, पण मला तेव्हा ते माहीत नव्हतं, आणि माहीत असतं तरी मी काय केलं असतं ते मला सांगता येत नाही. कुठल्या तरी गावात कुणाच्या तरी दाराबाहेर चपलांचा आवाज आला असेल. त्या बाईने दार उघडलं असेल का?

आमच्या दारात चपलांची रांग असते. रात्री कडी लावण्याआधी मी ती बघते. आणि बाहेर जाताना टिटवीच्या टाचेमागे बोट घालते.

पोरगी भराभर वाढतेय. परवा बोट गेलं नाही.

मी तिथेच उंबऱ्यात बसून राहिले. तिची मान खाली. केस तोंडावर आलेले. ती काही बोलेना, मलाही केस बाजूला सारवेनात. घरात नळाचा आवाज येत होता तेवढाच.

"चावतेय!" ती एकदम किंचाळली. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी खिडकी उघडली. "आई गं, चावतेय, काढ!"

त्याच दुपारी दुकानात गेलो. दुकानदाराने तिच्या मापाचा जोड काढला, पायात घातला, अंगठ्याने टाच दाबून बघितली आणि समाधानाने म्हणाला, "ही बघा, अगदी बरोबर बसली."

"नको," मी म्हणाले. "सैलच द्या."