काळोखातली हाक

याओस्काच्या हातात तीव्र आम्लाचं भांडं होतं, आणि नेमकी तेव्हाच लाइट गेली.

आमच्या लेओन शहरात लाइट जाण्याचं कुणाला नवल नाही. पण या प्रयोगशाळेच्या खिडक्यांना प्रकाशाच्या प्रयोगांसाठी काळा कागद चिकटवलेला, आणि मोबाइल नियमाप्रमाणे बाहेरच्या कपाटात. आत आम्ही तिघंच. याओस्का जन्मापासून बहिरी, मी तिची दुभाषी. रसायनशास्त्र शिकवणारे एवेनोर सर बोलतात ते मी हातांनी सांगते, ती हातांनी सांगते ते मी तोंडाने. काळोखात माझे हात काय कामाचे?

"नोएलियाबाई, तिला सांगा, ओतू नकोस म्हणावं!" एवेनोर सर ओरडले.

"कशी सांगू? दिसतंय का तिला?" मी खेकसले.

सवयीने मी पाय उचलला. बहिऱ्यांच्या मंडळात कुणाला हाक मारायची तर लाकडी जमिनीवर पाय आपटतात. हादरा तळव्यांना कळतो आणि माणूस गर्रकन वळतो. इथेही जमीन लाकडीच. पण गर्रकन वळायचं, आणि हातात आम्ल! मी पाय अलगद खाली टेकवला.

तेवढ्यात सर म्हणाले, "थांबा, मी पाय आपटतो. तुम्हीच शिकवलंत ना?"

"देवाशपथ सांगते, सर, पाय हलवलात तर याद राखा! ती वळेल ना!"

"अहो, हिचे डोळे गेले तर आपला रसायनशास्त्र विभाग पुन्हा एकाही बहिऱ्या पोराला इथे घेणार नाही!"

"म्हणूनच म्हणते, गप उभे राहा!"

टेबलाची कड चाचपत मी निघाले. मागून हात लावला तर दचकेल, म्हणून वळसा घालून समोर गेले. धूर ओढणारा पंखाही बंद पडलेला, वास नाकाला झोंबत होता. फार भीती वाटत होती मला. मी टेबलावर बोटांनी हलकंच टकटक केलं. काहीच नाही. पुन्हा केलं.

गार बोटांनी माझं मनगट धरलं. माझा तळहात उघडून तिने एकेक अक्षर काढलं: ठेवलंय. मग आणखी काही: तू थरथरतेस.

मला रडू फुटलं.

लाइट आली. भांडं टेबलाच्या मधोमध होतं, एक थेंब सांडला नव्हता. याओस्काचा चेहरा मात्र पांढराफटक पडला होता.

सरांनी कपाळ पुसलं. "विचारा हो तिला, घाबरली नाही का?"

तिचे हात हलले आणि मी तोंडाने सांगू लागले, "घाबरले तर. भांडं खाली टेकेपर्यंत एकच धास्ती होती, तुमच्यापैकी कुणीतरी मला हाक मारेल."

सर आपल्या बुटांकडे बघत राहिले. मीही.